गाठ परत यावी म्हणून

दामूने आणखी एक भाकरी मागितली आणि घराला कोण आनंद झाला! पावसाळ्यात हाच माणूस ताटातला भात नुसता चिवडून उठायचा. कानाखाली, जबड्याच्या मागच्या बाजूला लिंबाएवढी गाठ आली होती आणि घास चावताना अर्धं तोंड ताठून जायचं. आता भात कापून, झोडून घरात पडलं होतं आणि साठीचा दामू कोंबडीच्या रश्शात तांदळाच्या भाकरी बुडवून बुडवून खात होता. गाठ निम्म्याहून खाली बसली होती. गालांवर तर असा भराव आला होता, की रस्त्याने जाणारा-येणारा ओटीकडे बघून म्हणायचा, "दामूशेट, तब्येत झाली हां!"

"वाढ गो त्याला," हौसा म्हणाली. "बघत काय ऱ्हायलीस?"

हौसा दामूची थोरली बहीण. वैशाखऱ्याला दिलेली. आई गेली तेव्हा दामू रांगत होता, आणि हौसाने त्याला कडेवर घेऊनच आपलं बालपण संपवलं होतं. त्यामुळे खर्डीच्या या घरात तिचा शब्द खाली पडत नसे. दसऱ्यापासून तर ती दर आठवड्याला मुरबाड, शहापूर अशा एसट्या बदलत भावाला बघायला येत होती. आज तिचा मुलगा दीपेश मोटारसायकलवरून तिला घेऊन आला होता, कारण आज ठरवायचं होतं.

प्रियांकाने सासऱ्याला भाकरी वाढली आणि त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. सगळ्यांना त्या तोंडावर तब्येत दिसत होती. तिला मात्र डोळखांबची आपली आई दिसत होती. का, ते तिला पटकन आठवेना. आमटीत काहीतरी कमी आहे हे कळावं आणि काय ते कळू नये, तसं झालं तिला.

जेवणं उरकली. बायका पण ओटीवर येऊन बसल्या आणि साईनाथने विषय काढला. दामूचा हा एकुलता एक मुलगा, प्रियांकाचा नवरा. ठाण्याला नोकरीला जातो, त्यामुळे बापाचे दवाखाने त्याच्याच गळ्यात पडले होते. आधी दाढेचं दुखणं समजून दाढ काढली. बिचारी चांगली दाढ गेली. मग एका डॉक्टरने टीबीची शंका घेतली. मग ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात सुई टोचून पाणी काढलं, त्यात काही कळेना, म्हणून छोटा तुकडा काढला. त्याचाही रिपोर्ट धड हो म्हणेना, धड नाही म्हणेना.

"डॉक्टरबाईंना लिम्फोमाची शंका आहे," साईनाथ म्हणाला. "म्हणजे कॅन्सरच, पण पांढऱ्या पेशींचा. सहसा तो काखेत, मानेत येतो. बाबांना लाळेच्या ग्रंथीत आलाय असं वाटतंय, आणि तसं फार क्वचित होतं. आता भूल देऊन मोठा तुकडा काढायचा म्हणतायत."

"दोनदा भोसकलं, काय निघालं?" हौसाने पदर खोचला. "काय नाय निघालं. आन आता गाठ आपसूक बसाय लागली, तर हे म्हनं परत कापनार! सुरी लागली का असली गाठ अंगभर पसरते. मी काय कमी बघितलंय?"

"आत्या, तसं नसतं. मी स्वतः विचारलंय त्यांना."

"मला हौसाबायचं पटतंय," असं कोणीतरी म्हणालं आणि सगळ्यांच्या माना वळल्या. बोलणारी ठकी होती, दामूची बायको.

ठकी आणि हौसा या नणंद-भावजयांचं सख्य म्हणजे विळ्या-भोपळ्याचं. साईनाथच्या बारशाला पाळण्याची दोरी कोणी धरायची, तिथपासून सुरू झालेलं भांडण साईनाथच्या डोक्यावरचे केस विरळ झाले तरी मिटलं नव्हतं. पण नवऱ्याच्या मानेवर पुन्हा सुरी नको, या एका गोष्टीवर आज दोघींचं जमलं होतं. साईनाथला आईचा आधार वाटत होता, तो गेला. त्याने दीपेशकडे बघितलं. दीपेश मुरबाडच्या कंपनीत मशीन चालवतो, शिकलेला आहे, काल फोनवर 'मी बोलतो आईशी' असं म्हणालाही होता. आता तो सुपारी कातरण्यात गर्क होता.

"बरं, मग डॉक्टरबाईंना सांगू काय?" साईनाथ वैतागला. "त्याच चक्रावल्यात. म्हणाल्या, गाठ औषधाशिवाय बसली कशी? आणि तुकड्यात ज्या पेशी खच्चून दिसायला पाहिजेत त्या विरळ का? तीनदा विचारलं त्यांनी, बाहेरचं काही औषध चालू आहे का. मी सांगितलं, साधी डोकेदुखीची गोळी घेत नाहीत आमचे बाबा!"

"बरोबर सांगितलंस," हौसा म्हणाली. जरा घाईनेच म्हणाली.

ती घाई प्रियांकाच्या कानाला खटकली. आणि मघाशी न आठवलेलं एकदम आठवलं.

"बाबा, तुमचे गुडघे कसे आहेत?"

"गुडघे?" दामू खूश झाला. गाठ सोडून दुसरं काहीतरी कोणीतरी विचारलं होतं. "आगो, पोरावानी झालेत! काल शिडी न धरता माळ्यावर चढलो."

"आणि झोप?"

"झोप कसली डोंबलाची," ठकीने परस्पर उत्तर दिलं. "कोंबडा आरवायच्या आत उठतात आन लाकडं रचतात. रचून झाली का पाडतात, आन परत रचतात."

"साखरपण वाढलीय," प्रियांका नवऱ्याला म्हणाली. "पावसाळ्यात तपासली तेव्हा नव्हती."

"खातायत किती ते बघ ना."

"तेच म्हणते मी. का खातायत?" तिला आता राहवेना. "माझ्या आईचं असंच झालं होतं. दमा फार वाढला तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या दिलेल्या. बघता बघता तोंड असं गरगरीत झालं, भूक मावेना, झोप उडाली. तिचे पण सांधे धरलेले, पण चालायला लागली तुरुतुरु. आम्ही म्हटलं, बरी झाली. डॉक्टर म्हणाले, हे त्या गोळ्यांमुळे. स्टेरॉईड असतं त्यात. बाबा, तुम्ही काहीतरी घेताय."

दामूने सुनेकडे बघितलं नाही. त्याने हौसाकडे बघितलं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं! सगळ्या ओटीने ती नजर बघितली.

अडकित्ता थांबला. "आई," दीपेश हळूच म्हणाला, "दर वेळी इकडं यायच्या आदल्या दिवशी मी तुला घाटाखाली सोडतो. देवाला जातेस म्हणालीस. देवालाच जातेस ना?"

हौसाने तोंड घट्ट मिटलं.

तिला काय होत होतं, ते तिचं तिलाच ठाऊक. घाटाखालच्या बुवाने पुडी देताना पहिल्यांदा अटच ती घातली होती: देणारा आणि घेणारा, दोघांतच राहील तोवर गुण. तिसऱ्या कानावर गेलं की गुण गेला. हौसाला ही अट कोणी समजावून द्यायची गरज नव्हती. तिच्या नवऱ्याला कावीळ झाली होती, तेव्हा एका माणसाकडून तिने पाला आणला होता. नवरा उठून बसला, भाकर खाऊ लागला, आणि त्या आनंदात तिने विहिरीवर शेजारणीला सांगितलं. त्याच आठवड्यात तो गेला. ही गोष्ट घरात सगळ्यांना तोंडपाठ होती. कावीळच जोराची होती, असं दीपेशने तिला किती वेळा समजावलं असेल. ती ऐकून घ्यायची आणि विहीर आली की वाट बदलायची.

आता दामूवर पाळी आली होती. कडेवर वाढवलेला भाऊ. ती मेली असती तरी बोलली नसती.

"मला नाय सांगितलं?" आवाज ठकीचा होता. रागाने नाही, ती भांबावून नवऱ्याकडे बघत होती. "माझ्या घरात बसून खाताय, मी वाढते ते पानी पिऊन खाताय, आन मला नाय सांगितलं?"

"सांगितलं तर गुण जातो ना," दामू पुटपुटला.

"तिसऱ्या कानाला सांगितलं तर ना? मंग मी तिसरी? इतकी वर्सं तुमच्याशी संसार केला, आन मी तिसरी?"

ठकी उठून साईनाथच्या शेजारी जाऊन बसली. अर्ध्या तासापूर्वी नणंदेच्या बाजूला गेलेली भावजय परत आपल्या मुलाकडे आली, आणि या वेळी ती तिथून हलणार नव्हती.

"लाव रे फोन त्या बाईंना," ती म्हणाली.

डॉक्टरबाईंनी आपला नंबर दिला होता, पण रविवारी फोन करायचा धीर साईनाथला होईना. प्रियांकाने त्याच्या हातून मोबाईल घेतला, लावला आणि आवाज मोठा करून ओटीवर मधोमध ठेवला. चेहरा, भूक, झोप, गुडघे, साखर आणि हे गुपचूप चाललेलं औषध, सगळं तिने सांगितलं. पलीकडे बाई रागावतील असं सगळ्यांना वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत. उलट त्यांच्या आवाजात कोडं सुटायला आल्याचा उत्साहच आला.

"अहो, मग जुळतंय सगळं! बहुतेक त्या औषधात स्टेरॉईड मिसळलेलं असणार. या गाठी स्टेरॉईडने झरझर उतरतात. पण बऱ्या होत नाहीत, दबून बसतात. आणि आम्ही तुकडा काढला की त्यात पेशी धड सापडतच नाहीत. कधीपासून घेतायत? दिवसातून किती?"

साईनाथने फोन हौसाच्या पुढ्यात सरकवला.

"हॅलो? हे कळणं फार महत्त्वाचं आहे. आणि एक, घाबरून आजपासून एकदम बंद करू नका हं. शरीराला सवय लागलेली असते. एकदम तोडलं तर माणूस चक्कर येऊन पडतो, जिवावर बेतू शकतं. किती जातंय ते कळलं तर मी तेवढ्या मापाच्या गोळ्या देऊन हळूहळू उतरवीन."

सगळे हौसाकडे बघत होते. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ओठ उघडत नव्हते. दामूने ते बघितलं. बहिणीच्या मनात या क्षणी कोणती विहीर होती हे त्या ओटीवर त्याच्याइतकं कोणाला कळणार? तो सरकत सरकत फोनजवळ आला.

"बाय, तू नको बोलूस," तो म्हणाला. "मी बोलतो. गुण जायचा तर माझ्या तोंडानं जाऊ दे. उद्या काय झालंच, तर तुझ्यावर नको." आणि फोनकडे वाकून, जणू बाई बहिऱ्या आहेत अशा आवाजात तो सांगू लागला, "मॅडम, मी दामू. मीच खातो. बुवाची पुडी, दसऱ्यापासून खातो. सकाळ-संध्याकाळ दोन टाइम. चिमूटभर, मधातून."

"चिमूटभर म्हणजे साधारण किती?"

"म्हंजे... चिमूटच. पोटाला बरं वाटलं का जास्त."

"जास्त नाय!" हौसा ओरडली. "काय पन सांगतंस दाम्या! चमच्याच्या टोकावर बसंल तेवढी, आन वर बोटानं सारखी करायची. सकाळी एक, दिवस मावळायला एक. दिवाळीपासून सकाळची दुप्पट केली, बुवानं सांगितलं म्हनून. मॅडम, तो चुकीचं सांगतोय, त्याला मापाची अक्कल नाय, लहानपनापासून नाय..."

बोलता बोलता ती थांबली. आपण काय केलं ते तिला कळलं. हात तोंडावर गेला. ठकीने उठून पाण्याचा तांब्या आणला आणि नणंदेपुढे न बोलता ठेवला.

"आजी, फार बरं केलंत," फोनमधून आवाज आला. "हे माप मला दुसऱ्या कोणी सांगितलं नसतं. उद्याच त्यांना घेऊन या आणि उरलेल्या पुड्याही आणा. सकाळचं रक्त तपासू."

"मॅडम," साईनाथने विचारलं, "मग ऑपरेशन कधी?"

"आत्ता नाही. गाठ परत येऊ दे."

"काय येऊ दे?"

"गाठ. औषध उतरवलं की ती बहुतेक वाढेल. वाढली की तुकडा काढायचा. तेव्हा त्यात खऱ्या पेशी असतील. रोज बघत राहा, कुठे दुसरीकडे सूज आली, ताप आला, श्वास लागला तर लगेच फोन करा. पण गाठ वाढली म्हणून घाबरू नका. तिची आपण वाटच बघतोय."

"आता बसलेली गाठ परत वाढवायची?" ठकीने कपाळावर हात मारला. "औषध तर द्या काहीतरी!"

"कुठलं देऊ, आजी? या गाठीच्या चिक्कार जाती आहेत. एक जात अशी, की तिला नुसता मशीनचा शेक दिला की पुरतं. एकीला सलाईनमधून औषधं द्यावी लागतात, आणि ती वेळेत दिली तर माणूस बरा होतो. एक तर इतकी संथ असते की कधी कधी आम्ही नुसतं लक्ष ठेवतो. वरून सगळ्या सारख्याच दिसतात. जातीचं नाव कळल्याशिवाय औषध दिलं तर ते पण अंदाजपंचेच. बुवाच्या पुडीत आणि माझ्यात मग फरक काय?"

हौसाने डोळे पुसले. तिला हे अजबच वाटलं. बुवाकडे औषधाचं नाव घ्यायचं नाही, आणि या बाईंकडे दुखण्याचं नाव घेतल्याशिवाय औषध नाही.

"शेतात कसं," दामू एकदम बोलला, "भात आन गवत सारखंच दिसतं. दोन्ही हिरवंगार. निसवलं, लोंबी बाहेर पडली, का कळतं कुठलं काय. आन आपन तर ते निसवायच्या आधीच खुडत बसलो."

"बरोब्बर!" बाई हसल्या. "निसवू द्या."

दुसऱ्या दिवशी पहाटे बापलेक ठाण्याला गेले. पुडीत काय होतं ते रक्ताने सांगितलं, बाईंनी मोजून गोळ्या दिल्या आणि दर थोड्या दिवसांनी कमी करत गेल्या. हौसा वैशाखऱ्याला परत गेलीच नाही. "मी लावलंय, मीच उतरवीन," म्हणाली. गोळ्या तिच्या हातून जाऊ लागल्या. फरक एवढाच की गोळी देताना ती आता ठकीला हाक मारायची आणि ठकी शेजारी उभी राहून बघायची. सुरुवातीला दोघी बोलत नसत. मग गोळ्यांवरून भांडायला लागल्या, तेव्हा साईनाथचा जीव भांड्यात पडला.

आणि बुवा काही खोटा ठरला नाही. तिसऱ्या कानावर गेल्यावर गुण खरंच गेला. दामूची भूक मेली. गाल उतरले. गुडघे पुन्हा कुरकुरू लागले आणि लाकडं रचायची तशीच राहिली. रस्त्याने जाणारे ओटीकडे बघून विचारू लागले, "काय दामूशेट, उतरलास?" हे सगळं त्या बाईंनी आधी सांगितलं होतं म्हणून निभावलं, नाहीतर हौसाने त्याच आठवड्यात पुन्हा घाट गाठला असता. एकदा ती पिशवी घेऊन दारापर्यंत गेलीसुद्धा. प्रियांका भांडी घासत होती. तिने अडवलं नाही, नुसतं विचारलं, "आत्या, मी येऊ सोबत?" हौसा परत येऊन बसली.

पुडीच्या जोरावर पुरती विरून गेलेली गाठ मात्र परत येईना. एरवी सगळं घर ती जावी म्हणून नवस बोललं असतं. आता दामू सकाळी तोंड धुऊन ओटीवर बसला की एकेक जण येऊन त्याच्या कानाखाली चाचपून जाई. साईनाथ कामावर निघताना बोट लावून बघे. दीपेश मुरबाडहून फोन करून विचारी, "आली का?" शेजारच्या लडकूला वाटलं, कोणी पाहुणी यायची आहे. दामू वैतागून म्हणाला, "मी काय फनस हाय? पिकलाय का बघायला?" आणि रात्री ठकीला हळूच विचारी, "नाय आली तर गो?" नाही आली तर जात कळणार नाही, आणि एक दिवस ती कळेल तेव्हा उशीर झालेला असेल, हे त्यालाही समजत होतं. ठकी म्हणे, "येल. तुमची गाठ हाय, तुमच्यासारखीच. बोलावलं का लगेच कुठं येते?"

मग एका सकाळी, ऊन नुकतं ओटीवर चढलं होतं, हौसा भावाच्या मागे बसली. लहानपणी त्याचे केस विंचरायला बसायची तशीच. तिने बोटं कानाखाली नेली, जबड्याच्या मागे दाबली. थांबली. परत दाबली. बोटाखाली टणक काहीतरी सरकलं. काल नव्हतं. चिंचोक्याहून मोठं, बोरासारखं.

"आली," ती म्हणाली.

दामूचा हात वर गेला. तिने तो धरून बरोबर जागेवर नेला.

"आली रे! ठके, आली गो! प्रियांका, फोन लाव, आली!"

ठकी आतून धावत आली. येताना हाताला लागला तो गुळाचा खडा घेऊन आली. चांगली बातमी आली की त्या घरात गूळच पुढे होतो, हात आपोआप डब्यात जातो. हौसाने तो खडा तिच्या हातून घेतला आणि भावाच्या तोंडात घातला. आणि तोंडात घातल्यावर तिला कळलं, की आपण कशासाठी तोंड गोड केलं. ज्या गाठीसाठी घाटाखाली खेपा घातल्या, तोंडाला कुलूप लावलं, देवापुढे नाक घासलं, तीच गाठ आपल्या भावाच्या मानेवर परत आली, आणि आपण नाचतोय. ती तिथेच भिंतीला टेकली आणि लहान पोरीसारखी हमसून रडू लागली. ठकी तिच्याजवळ बसली. मग तीही रडू लागली.

दामू गूळ चघळत होता. गाल ताठला होता, त्यामुळे जरा सावकाश चघळत होता.

"रडू नका दोघी," तो म्हणाला. "उठा, माझा धुतलेला सदरा काढा. ती बसायच्या आत ठान्याला जायला पायजे."